तिच्या नावापुढचा १९

रात्री साडेदहाला सर्व्हरवर गेलो ते अगदी किरकोळ कामासाठी. डिस्क भरत आल्याची सूचना आली होती. जुन्या लॉगच्या, म्हणजे मशीनच्या नोंदींच्या, चार फायली उडवायच्या आणि झोपायला जायचं. पण हाताला एक खोड आहे. कुठल्याही मशीनवर पाय ठेवला की आधी 'टॉप' टाइप होतं, म्हणजे मशीनवर कोण काय चालवतंय ते दाखवणारी आज्ञा, कुणाच्या घरी गेल्यावर नजर आपसूक भिंतीवरच्या घड्याळाकडे जावी तसं. काळ्या पडद्यावर दर तीन सेकंदांनी ओळी जागा बदलतात, आकडे थरथरतात आणि मी काही न शोधता नुसता बघत बसतो. त्या रात्री प्रोसेसरचे सोळाच्या सोळा कोअर जवळपास रिकामे होते. वर एकच प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, दिसत होती, आमच्या टीममधल्या एका सहकारिणीची, एक अख्खा कोअर घेऊन सुखानं चाललेली. फक्त 'एनआय' नावाच्या, रांगेतली जागा ठरवणाऱ्या ज्या रकान्यात सगळ्यांचं शून्य असतं, तिथे १९ होतं. शेजारच्या 'पीआर'मध्ये, म्हणजे प्राधान्याच्या रकान्यात, ३९. खाली सरकलो. तिची शेल, म्हणजे ती जिच्यात आज्ञा टाइप करते ती खिडकी, १९. त्या खिडक्या सांभाळणारं तिचं टीमक्स, १९. तिच्या नावावर त्या मशीनवर जे जे म्हणून जिवंत होतं, त्या सगळ्यापुढे १९.

कुणीतरी तिला मुद्दाम रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं होतं.

पहिल्यांदा आला तो राग. असं करायला सुडोचा, म्हणजे मशीनच्या मालकाच्या हक्कानं आज्ञा देण्याचा, अधिकार लागतो आणि तो आमच्यात चौघांनाच आहे, तिला नाही. एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला, एकावर संशय पक्काही केला. मग लॉग उघडला आणि 'रीनाइस' शोधलं, तो आकडा बदलायची आज्ञा. एकच ओळ निघाली. तारीख २३ दिवसांपूर्वीची, दुपारी तीनच्या आसपासची. पुढे माझं नाव.

मग सगळं आठवलं. तिमाहीचा शेवट, सगळ्यांचीच कामं सर्व्हरवर लोटलेली, आणि मला संध्याकाळच्या आत एक अहवाल काढायचा होता. तिच्या पाच-सहा प्रोसेस मध्ये कडमडत होत्या. ती जागेवर नव्हती. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती याची मला इतकी खात्री होती, की विचारायची गरजच वाटली नाही. (जो नाही म्हणण्याची शक्यता असते, त्याला आपण न चुकता विचारतो.) एकेक पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, शोधायचा कंटाळा आला म्हणून तिच्या नावावर जे काही आहे ते सगळंच एका फटक्यात १९ वर ढकललं. तासाभरापुरतं. अहवाल गेला, शाबासकी मिळाली, मी घरी गेलो.

एनआय म्हणजे नाइस. हा शब्द ज्यानं कुणी निवडला, त्याच्या विनोदबुद्धीचं मला कायम कौतुक वाटत आलंय. आकडा उणे २० पासून १९ पर्यंत. मोठा आकडा म्हणजे कमी प्राधान्य, हे नवशिक्यांना हमखास उलटं वाटतं. पण तो आकडा प्राधान्याचा नाहीच, सभ्यतेचा आहे. १९ म्हणजे 'आधी तुम्ही, मग मी' म्हणणारी प्रोसेस. उणे २० म्हणजे कोपरानं वाट काढत पुढे घुसणारी. आणि यातली खरी खोच नियमात आहे. साधा वापरकर्ता आपल्या प्रोसेसला जास्त सभ्य करू शकतो, कमी सभ्य करू शकत नाही. शून्यावरून दहावर जाता येतं, पण दहावर गेल्यावर विचार बदलला तर पाचवर परतता येत नाही. त्यासाठी रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, पाया पडावं लागतं. नियम योग्यच आहे, नाहीतर जो तो उणे विसावर जाऊन बसेल. पण इतक्या वर्षांत स्वतःहून स्वतःला नाइस करून घेणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिलीत. सभ्यतेचा तो आकडा बहुतेकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाळावर चिकटवला जातो.

शिवाय तो वंशपरंपरेनं उतरतो. एका प्रोसेसनं दुसरीला जन्म दिला की पोटच्या प्रोसेसलाही तोच आकडा मिळतो. मी तिची शेल १९ वर टाकली म्हणजे त्या शेलमधून ती पुढे जे जे सुरू करणार, ते जन्मतःच १९ वर. ती रोज नव्यानं लॉगिन करून नवी शेल उघडत असती, तर दुसऱ्याच दिवशी सुटली असती. पण ती टीमक्स वापरते. टीमक्सचं कौतुकच हे की ते कधी बंद करावं लागत नाही; जोडणी तुटली, लॅपटॉप मिटला, तरी आतलं काम चालू राहतं आणि परत आलं की जिथं सोडलं होतं तिथं सगळं जसंच्या तसं मिळतं. जसंच्या तसं, १९ सकट. तिनं नवी खिडकी उघडली तरी ती टीमक्सच्याच पोटातून येणार.

जाणकार इथे मला अडवतील. २०११ साली, २.६.३८ या आवृत्तीत, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ऑटोग्रुप आलं, एका सेशनमधल्या सगळ्या प्रोसेसचा आपोआप एक गट करणारी सोय. ते चालू असेल तर एका सेशनमधलं नाइस दुसऱ्या सेशनपुढे फारसं चालत नाही, जो तो आपापल्या गटातच सभ्य किंवा असभ्य. खरं आहे. घरच्या लॅपटॉपवर मी कितीदा तरी मोठ्या विश्वासानं नाइस वापरलं आणि त्यानं ढिम्म फरक पडला नाही, तो त्याचमुळे. पण त्या सर्व्हरवर ऑटोग्रुप बंद होतं. तेही, आता आठवतंय, मीच कधीतरी बंद केलेलं.

त्या तीन आठवड्यांत आमचं बोलणं रोजचं होतं. ती ऑफिसात उशिरापर्यंत बसायला लागली होती. सगळे निघाले की तिच्या टेबलावरचा दिवा तेवढा चालू. एकदा निघता निघता मी विचारलंही, "रात्री काय बसतेस गं?" स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली, "रात्री मशीन माझं ऐकतं रे." मी हसलो. चांगलं वाक्य आहे, असंही म्हणालो.

तिच्याकडे एक वही असते, चौकटीच्या पानांची. त्यात ती प्रत्येक रनची वेळ लिहून ठेवते. ते पान तिनं मला दाखवलं होतं, त्याच आठवड्यात, गंमत म्हणून. सकाळी नऊला सुरू, रात्री साडेआठला संपलं. बाराला सुरू, साडेआठनंतर दोन-चार मिनिटांत संपलं. दुपारी तीनला सुरू, तरी साडेआठच. "म्हणजे मी कधीही सुरू केलं तरी हे आपलं सगळे घरी गेल्यावरच आटपणार. भूतबित आहे का रे याच्यात?" मी पान पाहिलं. वीस वर्षं याच धंद्यात घालवलेल्या माणसानं ते पान पाहिलं आणि म्हणाला, "मेमरी बघ एकदा."

आज तेच पान उत्तरासकट वाचता येतं. लिनक्समध्ये नाइसच्या प्रत्येक आकड्याला एक वजन असतं. शून्याचं वजन १०२४. एकेक पायरी खाली उतरलं की वजन साधारण सव्वापटीनं घटत जातं, १ चं ८२०, ५ चं ३३५, १० चं ११०, आणि १९ चं १५. एका कोअरवर शून्याची एक आणि १९ ची एक अशा दोन प्रोसेस आल्या तर वेळ वाटला जातो १०२४ ला १५ असा. म्हणजे दीड टक्क्याहूनही थोडा कमी. एकटीनं एका मिनिटात होणारं काम, शेजारी बरोबरीचं कुणी असेल तर दोन मिनिटांत व्हावं. १९ वालीला त्याच कामाला एक तास नऊ मिनिटं लागतात. तिचं मॉडेल, म्हणजे वहीतला तो रन, मोकळ्या मशीनवर ४० मिनिटांचं. सकाळी नऊ ते रात्री आठ, सोळा कोअर सोळा जणांनी धरलेले असताना, त्या अकरा तासांत तिच्या वाट्याला जेमतेम साडेनऊ मिनिटं यायची. आठ वाजता सगळ्यांची कामं थांबली की उरलेली अर्ध्या तासात. साडेआठ.

भूत नव्हतं. भागाकार होता.

शेड्युलरच्या, म्हणजे कुणाची पाळी कधी ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाच्या, हिशेबाची पद्धत मला पहिल्यांदा कळली तेव्हा फार आवडली होती. सीएफएस, म्हणजे पूर्णपणे न्याय्य शेड्युलर, असं त्याचं नावच. २००७ मध्ये २.६.२३ कर्नलमध्ये आला, इंगो मोल्नार यांनी लिहिलेला. त्याच्या आधीचा शेड्युलर अंदाज बांधायचा. कोण जास्त झोपतं, कोण कीबोर्डच्या वाटेकडे डोळे लावून बसतं, त्यावरून कुणाला पुढे घ्यायचं ते ठरवायचा, आणि चुकला की माऊसचा बाण अडखळायचा. न्यायानं वाटलं तर असे अंदाज बांधावेच लागत नाहीत, ही गोष्ट कॉन कोलिव्हास या ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञानं आपला शेड्युलर लिहून दाखवली होती. भूल देण्याचा व्यवसाय सांभाळून हा माणूस हौसेनं कर्नलमध्ये काम करायचा. शेवटी कर्नलमध्ये गेला तो मोल्नार यांचा शेड्युलर, कल्पनेचं श्रेय कोलिव्हासला देऊन. कोलिव्हास त्याच वर्षी बाहेर पडला. दोन वर्षांनी परत आला तो स्वतःचा वेगळा शेड्युलर घेऊन, आणि कर्नलमध्ये घ्या असा आग्रहही न धरता. २०२३ मध्ये, ६.६ पासून, सीएफएसची जागा दुसऱ्या पद्धतीनं घेतली. पण वजनांचं कोष्टक तेच राहिलं.

तर सीएफएसचा हिशेब असा. प्रत्येक प्रोसेसच्या नावे एक खातं. तिनं किती वेळ वापरला ते तिथे चढत जातं. शेड्युलर या खात्यांचं एक झाड सांभाळतो आणि दर वेळी अगदी डावीकडचं पान खुडतो, म्हणजे जिच्या नावावर सर्वांत कमी वेळ चढलाय तिला आत घेतो. ती थोडी धावली, खातं वाढलं, की परत झाडात, थोडी उजवीकडे. बस्स. कुणी लाडका नाही, कुणी नावडता नाही. मग नाइस कुठे येतं? तर खात्यावर चढणारा वेळ खरा नसतो, घड्याळ प्रत्येकीचं वेगळं असतं. शून्यवालीचं घड्याळ आपल्यासारखं चालतं. १९ वालीचं अडुसष्टपट भरधाव पळतं. ती एक मिलिसेकंद धावली तर तिच्या नावावर अडुसष्ट चढतात. मग साहजिकच झाडात ती पार उजवीकडे जाऊन पडते आणि बाकीच्यांची खाती तिच्याइतकी भरेपर्यंत बसून राहते.

याचा अर्थ असा, की तेवीस दिवस शेड्युलरच्या वहीत तिच्यावर तसूभरही अन्याय झालेला नव्हता. कुठल्याही दुपारी खाती उघडून पाहिली असती तर तिची रक्कम आणि माझी रक्कम जवळपास सारखीच निघाली असती. तिनं तक्रार केली असती तर मी तीच खाती तिच्यापुढे ठेवून, अगदी प्रामाणिकपणे, सगळ्यांना सारखंच मिळतंय असं तिला पटवून दिलं असतं. तिच्या मनगटावर कुणी कसलं घड्याळ बांधलंय हे त्या रकमेवरून कळत नाही.

एक मात्र खरं, की या पद्धतीत उपाशी कुणी मरत नाही. १९ वालीलाही दीड टक्का मिळतो. जुन्या काटेकोर प्राधान्याच्या पद्धतीत वरचा माणूस उभा असेपर्यंत खालच्याची पाळीच नाही. एमआयटीतल्या आयबीएम ७०९४ या संगणकाची एक गोष्ट या विषयाच्या विद्यार्थ्यांना सांगितली जाते: १९७३ मध्ये ते मशीन बंद करायला घेतलं, तर १९६७ मध्ये दिलेलं एक कमी प्राधान्याचं काम अजून पाळीची वाट बघत बसलेलं सापडलं. पाठ्यपुस्तकातही ती 'असं म्हणतात' म्हणूनच येते. मला ती दंतकथाच वाटते, कारण सहा वर्षांत ज्यानं काम दिलं तो एकदा तरी विचारायला आला असता. की नसता आला? याच एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूनं १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली होती, एका मशीनवर अनेक जण एकाच वेळी बसतात ही कल्पनाच तेव्हा नवी. त्यांनी पायऱ्या केल्या होत्या: दिलेल्या वेळात काम संपलं नाही तर एक पायरी खाली, पण तिथे पाळी आली की वेळ दुप्पट. यातला तो 'पण' मला फार समजूतदार वाटतो. विंडोजमध्ये ० ते ३१ अशा पातळ्या आहेत आणि तिथे एक पहारेकरी सेकंदाला एकदा रांगांमधून फेरी मारतो. चारेक सेकंद तयार उभं राहूनही ज्याला कुणी आत घेतलं नाही असा कुणी दिसला, तर त्याला थोड्या वेळापुरतं उचलून १५ वर नेऊन ठेवतो. (त्याच विंडोजमध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९७ टक्के खातेय, बंद करू का, असं विचारणारा फोन मला वर्षातून एकदा तरी येतो. जिच्याकडे काहीच काम नाही, त्या एकटीवरच सगळ्यांचा डोळा.)

आमच्या सर्व्हरवर फेरी मारायचं काम माझ्याकडे होतं. मी रोज टॉप बघतो. रोज. पण मी टक्के बघतो, मेमरी बघतो, वरच्या पाच ओळी बघतो. दिवसा तिची प्रोसेस दीड टक्क्यावर असायची, म्हणजे पडद्याच्या पार खाली, जिथे माझी नजर पोचतच नाही. रात्री एकटी असल्यामुळे ती वर आली, म्हणून दिसली. मशीन रिकामं असताना १९ आणि शून्य यांत काहीच फरक नसतो. एकट्याला कोण मागे ढकलणार? त्यामुळे रात्री सगळं आलबेल आणि दिवसा गाडी चिखलात, असं तिच्या वाट्याला आलं. आणि तिनं त्यातून जो निष्कर्ष काढला तो मला अजून टोचतो. तिला मशीनचा संशय आला नाही. आपला कोड वाईट आहे, असं तिनं ठरवलं.

पूर्ण एक आठवडा ती तो कोड परत लिहीत होती. आतल्या फेऱ्या काढून टाकल्या, तेच तेच गणित पुन्हा होत होतं ते साठवून ठेवलं, फाइल वाचायची पद्धत बदलली. काम चोख झालं होतं. चाळीस मिनिटांचं काम अकरा मिनिटांवर आलं, पण हे तिला दिवसा कळायला मार्गच नव्हता. अकरा मिनिटांतली साडेनऊ दिवसभरात, उरलेली आठनंतर. वहीतल्या साडेआठच्या जागी फक्त आठ वाजून दोन मिनिटं आलं. एवढ्या मेहनतीनं अर्धा तास वाचला म्हणून ती हिरमुसली होती, आणि मी तिला सांगत होतो, की असं होतं, सुधारणा हळूहळूच दिसतात.

याहूनही वाईट एक प्रसंग आहे. लिहू की नको, म्हणून इतका वेळ टाळत आलो.

तिच्या मॉडेलचे आकडे आल्याशिवाय टीमचं पुढचं काम हलणार नव्हतं. साप्ताहिक बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, तिचं का अडलंय? ती तोंड उघडणार एवढ्यात मीच बोललो, तिला सावरून घ्यायचं म्हणून. म्हणालो, "तिचं मॉडेल जरा जड आहे." सगळ्यांनी मान हलवली. तिनंही हलवली.

प्राधान्य उलटं होणं म्हणतात ते हेच: सगळे ज्याच्यासाठी थांबलेत ते कामच रांगेच्या शेवटी. त्याचं गाजलेलं उदाहरण मंगळावरचं आहे. ४ जुलै १९९७ ला मार्स पाथफाइंडर हे नासाचं यान तिथे उतरलं आणि काही दिवसांतच आपणहून रीसेट व्हायला लागलं. यानात व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. यानाच्या अंतर्गत माहितीवाहिनीची व्यवस्था बघणारं एक काम उच्च प्राधान्याचं. हवामानाची मोजमापं गोळा करणारं एक काम खालच्या पायरीवरचं. दोघांमध्ये एक कुलूप सामाईक, एका वेळी एकालाच घेता येणारं. खालच्यानं कुलूप घेतलं की वरच्याला थांबणं भाग, पण तेही क्षणभर. त्या क्षणात मधल्या पायरीवरचं तिसरंच एखादं लांबलचक काम आलं तर ते खालच्याला बाजूला सारून स्वतः पळत सुटायचं. त्याला कुलपाशी काही देणंघेणं नाही. खालचा कुलूप हातात धरून खोळंबलेला, म्हणून वरचा खोळंबलेला, आणि मधला निवांत. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही हे यानाच्या लक्षात यायचं आणि ते स्वतःला पुन्हा सुरू करून घ्यायचं. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी पृथ्वीवर यानाची जी जुळी प्रत होती तिच्यावर हाच प्रकार घडवून आणला, कारण शोधलं आणि दुरुस्ती वर पाठवली: त्या कुलपासाठी प्राधान्याच्या वारशाचा जो पर्याय बंद ठेवलेला होता, तो चालू केला. म्हणजे वरचा जोवर खालच्यासाठी थांबलाय, तोवर खालच्यालाही वरच्याचाच मान. मला या गोष्टीत एक बारकावा फार आवडतो. असे तुरळक रीसेट उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही दिसले होते. कारण हाती लागलं नाही म्हणून बाजूला ठेवले गेले. मेमरी बघ एकदा, असं तिथेही कुणी म्हणालं असेल का, कोण जाणे.

त्या रात्री मी तिच्या सगळ्या प्रोसेस शून्यावर आणल्या. एक ओळ, दोन सेकंद. डिस्क साफ करायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी काही बोललो नाही. धीर गोळा करायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारी ती उड्या मारतच आली. "बघ, बघ! बावीस मिनिटांत! दिवसाढवळ्या!" मशीन भरलेलं होतं, त्यामुळे अकराची बावीस होणं बरोबरच, पण तिच्या दृष्टीनं तो चमत्कार होता आणि त्याचं कारणही तिच्याकडे तयार होतं. काल संध्याकाळी तिनं एक शेवटचा बदल केला होता. कसला तर एका यादीऐवजी दुसऱ्या तऱ्हेची यादी. तोच सगळ्याच्या मुळाशी होता तर! तिनं तो दोघा-तिघांना समजावून सांगितला, एकानं आपल्याही कोडमध्ये केला. मी ऐकत होतो. आता सांगितलं तर तिचा हा आनंद काढून घ्यायचा. नाही सांगितलं तर तिच्या डोक्यात एक खोटं कारण कायमचं बसणार, आणि ती आयुष्यभर तसल्या याद्या बदलत राहणार. यातलं दुसरं कारण मी मोठ्या तत्त्वाचं म्हणून धरून ठेवलं. खरं कारण साधं होतं, मला झोप येत नव्हती.

चार दिवसांनी सांगितलं. तिमाही सरली होती, मशीन अर्धं मोकळं होतं. तिच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि लॉगमधली ती ओळ दाखवली. तिनं ती दोनदा वाचली.

"किती दिवस?"

"तेवीस."

"आणि हे मला दिसलं असतं?"

"टॉपमध्ये. एनआयचा रकाना." मी बोट ठेवून दाखवला. आता तिथे शून्य होतं.

"दिसलं असतं तर माझं मला शून्यावर आणता आलं असतं?"

"नाही. रूट लागतं. टीमक्स बंद करून नव्यानं लॉगिन केलं असतंस, तर आपोआप गेलं असतं."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "टीमक्स तूच शिकवलंस मला."

यावर मी काय बोलणार? माफी आधीच मागून झाली होती, पुन्हा मागितली. ती तिनं ऐकली की नाही, कळलं नाही. कोड मात्र खरोखरच वेगवान झालाय, हे मी घाईघाईनं सांगितलं, जरा जास्तच उत्साहानं. "किती?" म्हणाली. मला आकडा माहीत नव्हता. मग तिनं जुना कोड बाहेर काढला आणि चालवला. आम्ही दोघंही काही न बोलता आपापलं काम करत बसलो. मी उठून जाऊ शकलो असतो, पण गेलो नाही. चाळीस मिनिटं लागली. मग नवा, ती शेवटची यादी न बदललेला. अकरा. मग ती यादी बदललेला. तोही अकरा. तिनं तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले, शेवटच्या दोहोंना एक कंस घातला आणि मागची पानं उलटून साडेआठ-साडेआठच्या त्या रांगेवरून पेन्सिलीनं तिरपी रेघ मारली. "यादीचं त्यांना सांगायला हवं," एवढंच म्हणाली.

साडेपाचला तिनं लॅपटॉप मिटला. जाताना टेबलावरचा दिवा बंद करायला हात पुढे केला, तर तो लावलेलाच नव्हता. खिडकीतून अजून ऊन येत होतं.